थरथर

जुनी गाडी विकताना तिचे दोष गिऱ्हाइकाला किती सांगावेत? अश्वत्थाम्याच्या वेळी धर्मराजाला निदान शंखाची सोय होती. मला बुलेटची होती. ती सुरू असताना मी काय पुटपुटलो, हे कुणाला ऐकू येणार?

ती थरथरायची. आरशात मागचा एकच ट्रक दोन दिसे, आणि घरी पोचल्यावर चहाची बशी हातात ठरत नसे. मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर चढवून न्यूट्रलमध्ये रेस केली. उभ्या गाडीतही थरथर तीच. म्हणजे चाकं आणि चेन निर्दोष! मग त्याने इंजिन चासीला धरून ठेवणारे बोल्ट तपासले. तीन ढिले निघाले. ते आवळले, निम्मी थरथर गेली.

"बाकीची?"

"ती जायची नाही, साहेब. एकच पिस्टन. त्याचे खाली-वर झटके क्रँकच्या वजनाने पुरते तोलले, तर तेच वजन पुढं-मागं हिसके देतं. म्हणून निम्म्याच्या आसपासच तोलतात." मग हळूच, "हँडलला जाड रबर चढवू? गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही."

ढिला बोल्ट हा दोष. तो लपवणे पाप. पण एक पिस्टन हा तर स्वभाव! लग्न ठरवताना वडिलांनी माझे घोरणे कुठे सांगितले होते? हा बिनतोड मुद्दा मी घरी मांडला.

"म्हणूनच सांगा," सौ. म्हणाली.

सांगितले. गिऱ्हाइकाने दोन हजार पाडले. रबराचे पैसे तेवढे वाचले.