'करायलो' आणि 'करतोय'

मराठवाड्यातल्या तेरजवळच्या एका गावात दोन भाऊ होते. थोरला शेती बघायचा. धाकटा शिकला आणि पुण्यात नोकरीला लागला. हळूहळू धाकट्याचं बोलणं बदललं. 'काय करायलास?' म्हणणारा तो आता 'काय करतोयस?' विचारू लागला.

थोरल्याला ते टोचायचं. "घरच्या बोलीची लाज वाटायली व्हय रं?" तो म्हणे. धाकटाही पुण्याचे मित्र गावी आले की भावाच्या कानाशी लागे, "दादा, जरा शुद्ध बोल." शेवटी पाहुण्यांसमोर थोरला गप्पच बसू लागला.

एका वर्षी ऐन काढणीत अतिवृष्टी झाली. पंचनाम्याला साहेब आले, तेव्हा थोरल्यानं सुट्टीवर आलेल्या धाकट्यालाच पुढं केलं. धाकटा छापील मराठीत बोलला; पण कापणी कधी झाली, पाणी कुठून शिरलं, हे त्याला सांगता येईना. साहेबांचं पेन थांबलं.

मग थोरला म्हणाला, "सायेब, म्या सांगतो. कापून बनीम लावायलो हुतो, तवर वरच्या वढ्याचं पाणी बांध फोडून आलं बगा."

साहेब ऐकत गेले, लिहीत गेले.

संध्याकाळी दोघं गावातल्या निवृत्त गुरुजींकडं गेले. धाकट्यानं विचारलं, "गुरुजी, आमच्यात बरोबर कोण बोलतं?"

गुरुजी म्हणाले, "अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या बोलीवर विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात त्या बेटावर बाहेरच्या पाहुण्यांची रीघ लागायची. ज्या तरुणांना बेटावरच राहायचं होतं, त्यांच्या काही स्वरांना बेटाचं वळण जास्त होतं. ज्यांना बेट सोडायचं होतं, त्यांच्या बोलण्यात ते कमी होतं. जिकडं मन, तिकडं जीभ वळली.

"थोरला 'करायलो' म्हणतो, कारण हे शिवार त्याचं आहे. धाकटा 'करतोय' म्हणतो, कारण त्याला पुण्यातल्या माणसांत मिसळून पोट भरायचं आहे. आपली बोली तरी कुठं एका साच्यातली आहे? उमरग्याकडं कानडीचा शेजार, आणि १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, म्हणून उर्दूचा संग. ज्यांच्यासोबत दिवस काढले, त्यांचे शब्द आपल्या तोंडी बसले.

"आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी थापटायचं थापटणं घेऊन संतांची परीक्षा केली, असं सांगतात. आळंदीचे ज्ञानोबा, पंढरपूरचे नामदेव, सगळे तिथं होते. काकांनी कोण कच्चं, कोण पक्कं एवढंच पाहिलं. कोण कुठल्या वळणानं बोलतं, हे त्यांनी विचारलं नाही."

दोघांनी माना खाली घातल्या.

दिवाळीत पुण्याचे मित्र पुन्हा आले. त्यांना शिवार दाखवायला थोरला स्वतः निघाला आणि आपल्या बोलीत भरभरून बोलला. धाकटा मित्रांशी 'करतोय' म्हणाला, भावाशी 'करायलो'. कुणी कुणाला हटकलं नाही.

तात्पर्य : बोलण्याच्या वळणावरून माणूस कुणाला आपलं मानतो ते कळतं, पण त्यावरून त्याची अक्कल मोजू नये, की निष्ठाही. कुणाच्या बोलीला हसू नये, आणि कुणाची बोली बदलली म्हणून त्याला परकं करू नये.