रांजणातले पाणी आणि लेकीची शाळा

पावसाळा सरत आला, गावात तापाची साथ सुरू झाली, की देवळ्यातील एखाद्या आईपुढे रोज सकाळी एक प्रश्न उभा राहतो : लेकीला शाळेत धाडावे की घरी ठेवावे? शेजारच्या आळीत डेंग्यूचा रुग्ण निघालेला असतो. इकडे शेतात कांद्याची लागण खोळंबलेली असते. अखेर मुलीचे दप्तर खुंटीवरच राहते. अशा आईला आपण दोष द्यावा काय? आम्हांला तसे करवत नाही. तिचे भय मायेतूनच आलेले असते.

परंतु माया डोळस हवी. डेंग्यू रुग्णाच्या स्पर्शाने पसरत नाही. तो पसरविणारा डास दिवसा चावतो आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस पुरतात. जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे रांजण भरून ठेवणे गृहिणीला भागच असते. ज्या रोगाच्या धास्तीने मुलीला घरी ठेवले, त्याचे मूळ कदाचित आपल्याच अंगणात असते.

आणखी एक गोष्ट मनाला बोचते. आजी तापाने अंथरुणाला खिळली, तर उशाशी कोणी बसायचे? बहुधा नातीनेच. भावाची परीक्षा असते. हिची जणू नसतेच! आजी बरी होते, परंतु नातीची बुडालेली शाळा कधी कधी कायमचीच बुडते. रोग मुलगा-मुलगी पाहत नाही. तो भेद आपण करतो.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला आणि १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने देह ठेवला. विद्यादान आणि रुग्णसेवा त्यांनी एकाच आयुष्यात सांभाळली; पण सेवेसाठी मुलींची शाळा सोडवावी, असे त्यांच्या चरित्रातून कोणी शिकू नये.

मग उत्तर काय? ते एकट्या आईकडे मागणे अन्यायाचे होईल. डासाला कुंपण ठाऊक नसते. शेजाऱ्याचा रांजण उघडा राहिला, तर आपली दक्षता अपुरी पडते. म्हणून आठवड्यातून एक दिवस साऱ्या आळीने पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. शाळेने आपली टाकी झाकावी. घरातील पुरुषांनीही आजाऱ्याच्या उशाशी बसावे. एवढे आपण केले, तर त्या आईला लेकीचे दप्तर निर्धास्तपणे खुंटीवरून काढता येईल.