द्रष्टा आणि दृष्टीचे आधार

श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ज्या अद्वैत वेदान्ताचे अध्ययन झाले, त्यात डोळा हे साधन आणि साक्षी, म्हणजे सर्व अनुभव प्रकाशित करणारी शुद्ध जाणीव, हाच द्रष्टा मानला जातो. शरीरशास्त्र मात्र साधनाचे परावलंबन दाखविते: डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दृष्टिचेतेत अ‍ॅस्ट्रोसाइट या ताराकृती आधारपेशी तंतूंच्या गरजेनुसार रासायनिक संकेत सोडतात, केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी आकुंचन-प्रसरणाने रक्तप्रवाह कमी-जास्त करतात, आणि काचबिंदूत ही व्यवस्था बिघडल्यास तंतूंची हानी वाढू शकते. यावरून साक्षीचे खंडन होत नाही, तसेच त्याची सिद्धीही होत नाही; परंतु साधनाला स्वयंपूर्ण मानणारा अभिमान मात्र निराधार ठरतो.