आकड्यापलीकडची जाणीव

चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत विकसित झालेली स्वयंचलित भूल-प्रणाली हृदयशस्त्रक्रियेतही वापरली गेली आहे. कपाळावरचे इलेक्ट्रोड मेंदूच्या विद्युतलहरी टिपतात, त्यांतून 0 ते 100 मधला बीआयएस (बायस्पेक्ट्रल इंडेक्स) आकडा निघतो, जितका कमी तितकी भूल गाढ, आणि तो 40 ते 60 दरम्यान राहावा अशा बेताने यंत्र प्रोपोफोल या भुलेच्या औषधाची मात्रा कमी-जास्त करते. पण म्हणून यंत्राला रुग्णाची जाणीव कळली, असे होत नाही. हृदय-फुफ्फुस यंत्रावर शरीर थंड केले की आकडा उतरतो. केटामीन हे भुलेचे दुसरे औषध दिले की भूल गाढ होऊनही तो चढू शकतो. आकडा ही जाणिवेची केवळ खूण आहे.

यावर कुणी म्हणेल, भूलतज्ज्ञ तरी दुसऱ्याच्या अंतरंगात कुठे डोकावतो? तोही नाडी, रक्तदाब अशा खुणांवरूनच अनुमान करतो, आणि यंत्र तर थकत नाही. हे खरे आहे. म्हणून मात्रेचे काम यंत्राकडे जरूर द्यावे. मात्र ज्या खुणेवर ते चालते, तिच्यावरच शंका घेणे त्याला जमत नाही. अद्वैत वेदान्ताने गाढ झोपेतही साक्षी, म्हणजे जागा राहणारा द्रष्टा, मानला. तो न मानणाऱ्यानेही, बोलू न शकणाऱ्या देहात कुणी जागे असू शकते, हे गृहीत धरलेच पाहिजे. ती काळजी माणसाचीच जबाबदारी आहे.