दूरचे दुःख, घरचे देणे

परदेशात मदतकार्य करणाऱ्या कोणा माणसाविषयी तिगावच्या पारावर बोलणे निघाले, तर पहिला प्रश्न बहुधा हाच येईल: "आपल्या इथं दुखणी कमी हायेत का? मग तिकडं काहून जावं?" या प्रश्नाला अडाणी म्हणून हसू नये. ज्याची संत्र्याची बाग पाण्यावाचून वाळते आहे, त्याने दूरच्या देशाची काळजी का वाहावी?

उत्तर शोधताना १९३८ साल आठवते. जपानच्या आक्रमणाने चीन होरपळत होता. तिथले सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीचे आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. त्यांत दोघे मराठी होते: सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि आपला हा मुलूखही त्याच प्रांतात मोडत असे. तेव्हा ही काही परक्यांची गोष्ट नव्हे. देश पारतंत्र्यात होता, खेड्यापाड्यांत डॉक्टर दिसत नव्हते. पारावरचा प्रश्न त्यांनाही लागू होताच.

चोळकर काम करून परतले, कोटणीस राहिले. वडील गेल्याचे त्यांना तिकडेच कळले, तरी ते माघारी फिरले नाहीत. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले.

अशा माणसाचा गौरव करताना एक हिशेब मांडायचा राहून जातो. त्याने स्वतःचे आयुष्य दिले, ते त्याचेच होते. पण सोलापूरच्या घराचा कर्ता मुलगाही त्याबरोबर गेला. मोठ्या सेवेचा अर्धा खर्च घरचे सोसतात आणि पुतळा मात्र एकट्याचा उभा राहतो. मग तो चुकला का?

मला तसे वाटत नाही. घर पुरते सुखी झाल्यावरच बाहेर पडायचे ठरवले, तर मदत शेजारच्या गावातही पोचणार नाही. घरची गरज कधी संपत नसते. मात्र घराच्या वाट्याचे घेऊन जो जातो, त्याच्यावर एक देणे चढते: जिथे जाईल तिथे त्याने पाहुण्यासारखे राहू नये. कोटणीस चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, तिथल्याच ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ते गेले, पण त्यांनी शिकवलेले हात कामावर राहिले.

आज हे काम रीतसर नोकरी झाले आहे. संस्थांचे प्रमुख काही वर्षांनी देश बदलतात, पगार घेतात. पगारात कमीपणा नाही. उलट घरच्यांवर उपासाची पाळी येत नाही, हे बरेच. अडचण दुसरीकडे आहे. अहवाल देणगीदाराच्या भाषेत लिहिला जातो आणि दुखणे मात्र दुसऱ्याच भाषेत बोलते. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. अर्ज हिंदीत, कण्हणे मराठीत, अशी आपल्या भागातल्या कित्येक घरांची रीतच आहे. साहेब भला असतो, औषधही देतो. पण म्हातारीचे पुरते बोलणे ऐकून घेणारा विरळा. जो ऐकून घेत नाही, तो पांढुर्ण्याहून आला तरी दूरचाच.

म्हणून पारावरच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपल्या घरचा मुलगा जायचे म्हणत असेल, तर त्याला जाऊ द्यावे. पण जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. मागे राहणाऱ्यांचे कोण पाहणार? आणि तिथली भाषा शिकायला तू किती दिवस देणार? पहिल्याचे उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला दोष देऊ नये. ते ओझे आपण थोडे वाटून घ्यावे. दुसऱ्याला मात्र त्याच्याकडे उत्तर असलेच पाहिजे.