निर्मनुष्य पुळण

पाठीवर दहा-बारा किलोची सॅक घेऊन पुळणीवर उतरलं की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. वरच्या कोरड्या वाळूत पाऊल रुततं, पोटऱ्या भरून येतात आणि अर्ध्या तासात माणूस टेकीला येतो. लाट नुकतीच मागे सरलेली असते तिथली वाळू मात्र चोपून काढलेल्या अंगणासारखी घट्ट लागते. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याने केळशीकडून आंजर्ल्याकडे निघालो तेव्हा मीही त्याच ओल्या पट्ट्याने चालत होतो. फेब्रुवारीतली सकाळ होती.

पुढे चिखल्या पक्ष्यांचा थवा चरत होता. मी जवळ गेलो की थवा उठायचा, पाण्यावरून एक वळसा घ्यायचा आणि शे-दीडशे पावलांवर पुन्हा उतरायचा. मी पुन्हा तिथे पोचायचो. आधी वाटलं, छान सोबत मिळाली. असं पाच-सहा वेळा झालं, तेव्हा कळलं की मी त्यांना हाकत नेतोय.

त्यांनाही तोच पट्टा हवा असतो. वाळू ओली असेपर्यंत तिच्यातले किडे आणि इवले खेकडे वरच्या थरात असतात, चोचीला सापडतात. ती सुकली किंवा पाण्याखाली गेली की ताट उचललं गेलं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या या पक्ष्यांपैकी काही लडाख-तिबेटच्या पठारावर घरटी करतात, काही थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतात. वसंतात परत निघण्याआधी अंगावर चरबी साठवावी लागते आणि ती साठते याच ओल्या पट्ट्यावर, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या मोजक्या तासांत. मूठभर देहाचा पक्षी दर वेळी उडतो तेव्हा त्याच साठ्यातून खर्च होत असतो. मला ते नुसतं सुंदर उड्डाण दिसत होतं.

कोकणात भरतीचं गणित तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि सुकती सकाळी नऊच्या आसपास. चालायला सोपं जावं म्हणून मी मुद्दाम सुकतीची वेळ धरली होती. पक्ष्यांनीही तीच धरली होती.

मग वरून, कोरड्या वाळूतून जावं का? तिथे सुरूच्या बनापर्यंतच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्याच्या रात्री येऊन साधारण दीड फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालते. पिल्लं बाहेर पडायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू जितकी तापते तितक्या पिल्लांत माद्या जास्त निघतात, म्हणजे घरट्याची जागासुद्धा किती नेमकी असावी लागते. वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम उभं केलं आणि ते पुढे किनारपट्टीवरच्या कितीतरी गावांत पोचलं. 2021 साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाच्या दोन टोकांचे किनारे जिच्या ओळखीचे आहेत, तिच्या वाटेत रात्री तंबू ठोकायचा, विजेरीचे झोत फिरवायचे आणि पुळणीवर हौसेने गाड्या घालायच्या, हे मला सहन होत नाही. ओळखीचा कुणी असं करताना दिसला तर मी स्पष्ट बोलतो.

राहिला मधला पट्टा. ओल्याच्या वर, कोरड्याच्या खाली. पाहिलं तर त्यावर वाटाण्यापेक्षाही लहान वाळूच्या गोळ्या पसरलेल्या, एकेका बिळाभोवती किरणांसारख्या रांगांत. सॅक उतरवून बसलो. आधी काहीच हललं नाही. पावलांचा धक्का वाळूत लांबवर जाणवतो, आणि मी आल्याची वर्दी सगळ्या बिळांत पोचली होती. आठ-दहा मिनिटांनी एका भोकाच्या तोंडाशी दोन डोळे दिसले. मग करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर आला, वाळूच्याच रंगाचा. नांग्यांनी वाळू उचलून तो तोंडाशी नेई, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं टिपून घेई, उरलेल्याची गोळी करून पायाखालून मागे सारी, एक पाऊल पुढे सरके, आणि पुन्हा तेच. मी खोकलो, तो गडप झाला. पुन्हा पाच मिनिटं थांबावं लागलं. दुपारच्या भरतीत या सगळ्या गोळ्या विरघळणार आणि पुढच्या सुकतीला काम मुळापासून सुरू होणार.

‘निर्मनुष्य किनारा’ म्हटलं की आपल्याला तो रिकामा वाटतो. शब्दाने फक्त माणूस नसल्याचं सांगितलेलं असतं, बाकीचं आपण मनाने घालतो. भटकंतीची मजाच अशी की आज किती अंतर कापलं ते संध्याकाळी मोजायचं. मलाही ती सवय आहे. पण किनाऱ्यावर जे काही मला खरंच दिसलं, ते बसल्यावर दिसलं. चालताना दिसली ती उडून जाणाऱ्यांची पाठ. डॉल्फिनमागे होडी दामटवणाऱ्यांनाही बहुतेक तेवढंच दिसत असावं. सॅक जितकी जड तितका आपला जीव घट्ट वाळूकडे ओढतो, म्हणून हल्ली एक वेळचं सामान कमी घेतो आणि एक दिवस जास्त ठेवतो. थवा आडवा आला तर वरून लांबचा वळसा घालतो, आणि वळशाला जागा नसेल तर थांबतो.

त्या दिवशीही थांबलो. थवा माझ्या आणि पुढच्या खडकांच्या मधोमध चरत होता आणि खडकांपलीकडे आडे गावाची वाट होती. साडेअकरापर्यंत पाणी बरंच वर आलं. ओला पट्टा अरुंद होत गेला, चिखल्या दाटीने चरू लागले, दोन-तीन पावलं धावायचं, थबकायचं, टोचायचं. मग कुणीही न हाकता सगळे एकदम उठले, उन्हात एकदा पांढरे चमकले आणि खडकांवर जाऊन एका पायावर उभे राहिले, चोची पिसांत खुपसून. मी सॅक चढवली. घट्ट वाळू तोवर पाण्याखाली गेली होती.