कात्री कुणाच्या हातात?

जुनी विज्ञान-साहसाची पुस्तकं नव्या कव्हरात पुन्हा येतायत. भा. रा. भागवतांनी मराठी पोरांना ज्यूल व्हर्नची गोडी लावली. आमच्या वारज्यातल्या वस्तीतही उद्या ही पुस्तकं पोरांच्या हाती पडतील. पडू द्या. पण आधी एक सवाल. जुन्या पुस्तकात माणसाचा अपमान असेल, तर पुन्हा छापताना तो कापायचा की ठेवायचा?

व्हर्नची १८७४-७५ ची 'मिस्टीरियस आयलंड' घ्या. पाच जण बलूनमधून निर्जन बेटावर पडतात. इंजिनियर विटा भाजतो, लोखंड गाळतो, स्फोटकं बनवतो. विज्ञानाचं राज्य! आणि चुलीपाशी कोण? नेब. काळा. मालकानं गुलामीतून सोडलेला, तरी मालकाला न सोडणारा. त्याच्या जोडीला लेखकानं दिलाय एक माणसाळवलेला वानर. बेट नवं, वाटणी जुनी. अमेरिकेतल्या ज्या काळ्यांकडून १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या पोराला हे वाचून काय होत असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मग फाडा ते पान, असं कुणी म्हणेल. थांबा दोस्तहो.

त्याच व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा उमराव होता, रशियानं ज्याचं घरदार संपवलं असा. प्रकाशक हेत्झेलनं मोडता घातला. रशियातला खप बुडेल ना! निमोचा देश गेला, उरला नुसता राग. १८७० च्या वाचकाला कळेना, हा जहाजं का बुडवतो? वेडा का काय? पुढं 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्ननं त्याला १८५७ च्या बंडातला बुंदेलखंडी राजपुत्र केलं. हिंदुस्थानी नायक सुचला, तोही राजवाड्यातलाच!

कात्रीनं राग जात नाही, रागाचं कारण जातं. अपमानाची पानं आज धुऊन टाकली, तर उद्या आपलीच नातवंडं विचारतील : सगळं एवढं गोड होतं, तर तुम्ही पेटलात कशाला? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर खुपला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या पैशानं छापलं.

पण दहा वर्षांच्या पोरानं घाव का सोसावा? सवाल खरा आहे. म्हणून पोराला त्या पानाशी एकटं सोडायचं नाही. पुस्तक जसंच्या तसं छापा, पण प्रस्तावना त्याच्याकडून लिहून घ्या, ज्याला ते पान बोचतं. अभ्यासिकेतल्या ताईनं, दादानं ते मोठ्यानं वाचावं अन् विचारावं : शिकणारा हर्बर्ट आणि रांधणारा नेब, ही वाटणी कुणी केली?

पोरं उत्तर देतील. त्यातलंच एखादं पुढचं पुस्तक लिहील. त्यात इंजिनियर आपल्या वस्तीतला असेल, आणि भांडी सगळे मिळून घासतील.